मिळकतीचा आकडा आणि यदुराजाचा प्रश्न

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

दरवर्षी या अंकात थोर मंडळी गुरुचरित्रावर, गाणगापूर-नरसोबाच्या वाडीच्या अनुभवांवर लिहितात. माझा तेवढा अधिकार नाही. नगरला बी.कॉम. केलं आणि पुढची चौतीस वर्षं बँकेच्या काउंटरमागे काढली. जमा, नावे आणि शिल्लक यापलीकडे फारसं काही शिकलो नाही. म्हणून ‘यंदा तुम्हीही चार पानं लिहा’ असा आग्रह झाल्यावर माझ्या माहितीतलाच विषय घेतला. विषय विमा एजंटांचा दिसेल, पण त्याच्या पोटातला प्रश्न धर्माचा आहे.

प्रश्न असा. एक माणूस स्वतःची मिळकत आणि स्वतःचं काम फुगवून सांगतो. त्यानं कुणाच्या खिशात हात घातलेला नाही. जे सांगतो ते स्वतःबद्दलच सांगतो. मग त्यात दोष आहे का? आणि तो माणूस गुरुवारच्या आरतीला आपल्याच शेजारी उभा राहणारा असेल, तर आपण त्याचा आकडा तपासून पाहावा, की तपासणं हाच त्याचा अपमान?

आमच्या सोनईत हा प्रश्न हवेतला नाही. मुळा कारखान्याचं उसाचं पेमेंट बँकेत जमा झालं, की दोन दिवसांत गावात मोटारसायकली फिरायला लागतात. कुणी ट्रॅक्टरचा, कुणी ठिबकचा, आणि चार-पाच जण तरी विम्याचे. हे सगळं मी काउंटरवरून पाहिलं आहे. विम्याचे एजंट वाईट असतात असं मला मुळीच म्हणायचं नाही. माझ्या ओळखीत असे एजंट आहेत, जे हप्त्याची तारीख आली की सायकलवरून घरोघर आठवण द्यायला जायचे आणि मृत्यूचा दावा असला तर वारसाबरोबर नगरच्या ऑफिसात स्वतःच्या खर्चानं चार चकरा मारायचे. घरातला कर्ता गेल्यावर तेराव्याच्या आत हातात फॉर्म घेऊन येणारा एजंट हा त्या घराला देवमाणूसच वाटतो. आयुर्विमा महामंडळानं आपल्या चिन्हासाठी गीतेच्या नवव्या अध्यायातलं योगक्षेमाचं वचन निवडलं, ते उगाच नव्हे. आयुष्यभर मिळवलेलं राखणं म्हणजे क्षेम, आणि तेच तर या धंद्याचं काम.

आपल्याकडे या धंद्याला मोठी परंपराही आहे. साताऱ्यात १९१३ साली अण्णासाहेब चिरमुले यांनी वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्स कंपनी काढली. पुढे १९५६ च्या जानेवारीत अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांनी आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण केलं. त्या वेळच्या काही कंपन्यांत पॉलिसीधारकांच्या पैशाचे जे हाल चालले होते, ते त्यामागचं एक मोठं कारण होतं. दोनशे पंचेचाळीस कंपन्या आणि सोसायट्या एकत्र करून १ सप्टेंबर १९५६ रोजी महामंडळ सुरू झालं. तोवर देशमुखांनी मुंबईच्या प्रश्नावरून राजीनामाही देऊन टाकला होता. असो, तो वेगळा विषय. एवढंच सांगायचं की विमा म्हणजे दुसऱ्याची ठेव सांभाळणं, ही जाणीव या धंद्यात सुरुवातीपासून आहे. म्हणूनच त्यातला आकडा हा नुसता धंद्याचा आकडा राहत नाही.

आता हे आकडे सांगतात कसे, ते पाहू. ‘मी यंदा पन्नास लाखांचा बिझनेस केला’ असं एजंट म्हणतो, तेव्हा ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पन्नास लाखांच्या नोटा येतात. पण बहुतेक वेळा ती विमा रक्कम असते, म्हणजे कुणी दगावलं किंवा मुदत संपली तर कंपनी देणार असलेली रक्कम. वीस वर्षांच्या साध्या एंडोमेंटला लाखामागे वर्षाचा हप्ता ढोबळ मानानं पाच हजार धरला, तर पन्नास लाखांच्या विम्याचा हप्ता होतो अडीच लाख. त्यावर पहिल्या वर्षाचं कमिशन, अनेक वर्षं चालत आलेल्या जास्तीत जास्त पस्तीस टक्क्यांनी धरलं, तरी ८७,५०० रुपये. बाराने भागा. महिन्याला सात हजार तीनशेच्या आत. तोच माणूस, तेच काम. एका टोकाला पन्नास लाख, दुसऱ्या टोकाला सात हजार. खोटं तर काहीच बोललेलं नाही!

शिवाय पस्तीस टक्के हे पहिल्याच वर्षी. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी साडेसात आणि पुढे पाच, असा तो जुना हिशेब होता. २०२४ च्या ऑक्टोबरपासून महामंडळानं पहिल्या वर्षाचं प्रमाण कमी करून पुढच्या वर्षांचं थोडं वाढवलं, आणि मला तरी ते योग्य वाटतं. बी लावणाऱ्याला जेवढं, तेवढंच पाणी घालणाऱ्यालाही मिळायला हवं.

मग एजंटाची खरी मिळकत असते तरी किती? २०२४ साली महामंडळानं अर्थ मंत्रालयाला दिलेली माहिती वर्तमानपत्रांत आली होती. मी ते कात्रण वहीत चिकटवून ठेवलं आहे. देशभरात १३,९०,९२० एजंट. महाराष्ट्रात एक लाख एकसष्ट हजारांच्या आसपास, आणि त्यांची सरासरी मासिक मिळकत १४,९३१ रुपये. उत्तर प्रदेशात ११,८८७. सगळ्यात कमी हिमाचल प्रदेशात, १०,३२८. सगळ्यात जास्त अंदमान-निकोबारात, २०,४४६, पण तिथे एजंटच पावणेतीनशेच्या घरात.

सरासरीवरही डोळे मिटून विसंबू नये, हे बँकेत शिकलो. मॅनेजरचा आणि शिपायाचा पगार मिळवून दोनाने भागला, तर जो आकडा येतो तो दोघांपैकी कुणाच्याच पासबुकात सापडत नाही. या पंधरा हजारांतही शाळा सांभाळून चार पॉलिसी करणारे गुरुजी आहेत, आणि लाखांनी कमावणारे मोजके एजंटही आहेत. त्या मोजक्यांमुळे सरासरी वर जाते, म्हणजे साधारण एजंट पंधराच्याही खालीच असणार. लाखांनी कमावणारा कुणीच नाही असं नाही. पण हॉलमध्ये माइकवर जो येतो तो त्या मोजक्यांतला असतो, आणि ऐकणाऱ्या तीनशे जणांना वाटतं, आपण वर्षभरात तिथे.

या धंद्यात मानाच्या पायऱ्याही आहेत. ब्रँच मॅनेजर क्लब, डिव्हिजनल मॅनेजर क्लब, झोनल मॅनेजर क्लब, चेअरमन क्लब. सगळ्यांच्या वर नाव घेतात ते एमडीआरटीचं, म्हणजे मिलियन डॉलर राउंड टेबल. १९२७ साली अमेरिकेत मेम्फिस गावी बत्तीस एजंटांनी सुरू केलेली ही संस्था आज जगभर पसरली आहे. तिच्या तिप्पट काम केलं तर ‘कोर्ट ऑफ द टेबल’, सहापट केलं तर ‘टॉप ऑफ द टेबल’. संस्था चांगली आहे, तिचे आचाराचे नियमही कडक आहेत. फक्त एक गोष्ट बोर्डावर नाव वाचणाऱ्याला माहीत नसते. ते सदस्यत्व एका वर्षाच्या कामावर मिळतं आणि दरवर्षी नव्यानं मिळवावं लागतं. सात वर्षांपूर्वी एकदा झालेला माणूस आजही कार्डावर ती अक्षरं छापत असेल, तर ते जुन्या पासबुकातली शिल्लक दाखवण्यासारखं आहे.

दीड वर्षापूर्वीची गोष्ट. मंदिरातले आमचे एक जुने सेवेकरी, कारखान्यातून निवृत्त झालेले, आरतीनंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, “अण्णा, पोरीला स्थळ आलंय. मुलगा विम्याचं काम करतो. बायोडाटात महिन्याला दीड लाख लिहिलंय. फोटो पण पाठवलाय, मोठी ट्रॉफी हातात घेतलेला. घराणं चांगलं आहे, दत्तभक्त आहेत. पण तुम्ही बँकेत होता, जरा बघता का?”

मी म्हटलं, “बघतो म्हणजे काय? त्यांच्याकडे कागद मागावे लागतील.”

ते एकदम चपापले. “छे छे! पाहुण्यांकडं कागद कसा मागायचा? ते म्हणतील, विश्वास नाही.”

इथेच खरी गाठ आहे. नोकरदार मुलगा असला तर पगाराची स्लिप मागायला आपण लाजत नाही. जमीन असली तर सातबारा पाहतो. पण जो माणूस हसतमुख आहे, कोट घालतो, ज्याचं नाव फलकावर आहे, त्याला विचारायला जीभ रेटत नाही. खरं तर कमिशनचा कागद सातबाऱ्याइतकाच सरळ असतो. कंपनी कमिशन देताना टीडीएस कापते आणि ती नोंद आयकर खात्याच्या २६-एएस मध्ये दिसते. वर्षभरात कुठल्या कंपनीनं किती रक्कम दिली ते पैशासकट. मी त्यांना म्हटलं, “तुम्ही मागू नका. मुलाला माझ्याकडे चहाला पाठवा.”

मुलगा आला. स्वभावानं गोड, वाकून नमस्कार करणारा. कंपनी कुठली ते इथे लिहीत नाही, त्याची गरज नाही. अर्धा तास इकडचं तिकडचं झाल्यावर मी सरळ विचारलं. क्षणभर त्याचा चेहरा उतरला. मग त्यानं मोबाइल काढला आणि स्वतःच सगळं दाखवलं. वर्षाचं कमिशन ४,६२,०००. महिन्याला साडेअडतीस हजार.

“मग दीड लाख कुठून आले?”

“काका, ते मार्चचं आहे. मार्चला एक लाख अठ्ठेचाळीस हजार आले होते. मीटिंगमध्ये सांगतात, तुमचा बेस्ट मंथ सांगा. तोच सांगायची सवय झाली. घरी पण तोच सांगितला.”

आणि तो मार्च कसा झाला तेही त्यानं सांगितलं. क्लबला पॉलिसींची संख्या कमी पडत होती. शेवटच्या आठवड्यात त्यानं चौदा पॉलिसी मावसभाऊ, मित्र, सलूनवाला अशांच्या नावानं केल्या आणि पहिला हप्ता स्वतः भरला. एक लाख नव्वद हजार. त्यातले काही पतसंस्थेतून उचललेले. त्यावरचं सासष्ट हजार कमिशन त्याच दीड लाखात बसलेलं होतं. म्हणजे स्वतःच्या उजव्या खिशातून काढून डाव्या खिशात घातले, आणि वाटेत दोन तृतीयांश सांडले. ४,६२,००० मधून ते १,९०,००० वजा करा. पेट्रोल, मोबाइल, डायऱ्या-कॅलेंडरं, लग्नकार्यातली पाकिटं यांचे पन्नासएक हजार वजा करा. उरतात दोन लाख वीस-बावीस हजार. महिन्याला साडेअठरा हजारांच्या आसपास. सव्वीस वर्षांच्या पोराला साडेअठरा हजार ही काही लाजण्यासारखी कमाई नव्हे. महाराष्ट्राच्या सरासरीपेक्षा ती जास्तच आहे. पण दीड लाखाच्या पाटीखाली उभी केल्यावर ती बिचारी चोरासारखी दिसायला लागते.

(एक कायद्याची गोष्ट सांगून ठेवतो. ग्राहकाला हप्त्यात किंवा कमिशनात सूट देणं, आणि ती घेणंसुद्धा, १९३८ च्या विमा कायद्याच्या कलम ४१ प्रमाणे गुन्हा आहे. दंड दहा लाखांपर्यंत. ‘पहिला हप्ता मी भरतो, तुम्ही फक्त सही करा’ हे ऐकायला दानधर्मासारखं वाटतं, पण सही करणारासुद्धा त्यात अडकतो.)

मुलाची परवानगी घेऊनच मी हे सेवेकऱ्यांना सांगितलं. त्यांच्या मुलीलाही त्यांनी सांगितलं. मला वाटलं होतं ती रागावेल, आकड्यावरून नाक मुरडेल. तिनं एवढंच विचारलं, “त्या चौदा लोकांचा दुसरा हप्ता कोण भरणार?” सोयरीक पुढे जुळली की नाही ते लिहिणं बरं नाही, दोन्ही घरं याच तालुक्यातली आहेत. पण तिचा तो प्रश्न कंपनीच्या कुठल्याच बैठकीत कुणी विचारला नव्हता.

कुणी म्हणेल, अहो, थोडं फुगवून कोण सांगत नाही? पारावर बसलेला शेतकरीसुद्धा ‘यंदा एकरी शंभर टन’ म्हणतो. खरं आहे. आणि कारखान्याच्या काट्यावर गाडी चढली की पावती बासष्ट टनांची निघते, हेही सगळ्यांना ठाऊक असतं. पारावरच्या शंभर टनांनी कुणाचं काही बिघडत नाही, उलट चहाला चव येते. पण तोच शेतकरी त्या शंभर टनांच्या जोरावर आपलं बेणं विकायला लागला तर? घेणारा कर्ज काढून लागण करणार, आणि बासष्टवरच थांबणार. बोलणं तेच, शब्द तेच. फरक एवढाच की आता त्या बोलण्यावर भरवसा ठेवून दुसऱ्यानं स्वतःची जमीन अडकवली.

माझ्या मते दोषाची रेषा इथे आहे. मनातल्या मनात स्वतःला मोठं समजणं हा अहंकार, आणि तो ज्याचा त्याला भोवतो. पण माझा आकडा ऐकून कुणी नोकरी सोडणार असेल, कुणी मुलगी देणार असेल, कुणी उसाचं पेमेंट हप्त्यात घालणार असेल, तर तो आकडा माझ्या एकट्याचा राहत नाही. ऐकणाऱ्याचं त्यावर देणं लागू होतं. बँकेच्या भाषेत सांगायचं तर ती जमा राहत नाही, जबाबदारी होते. म्हणून ‘मी माझ्याबद्दल बोलतोय, तुम्हाला काय?’ हे उत्तर चालत नाही. नव्या एजंटांना ओढणाऱ्या सभांत तर मुळीच नाही. कारण तिथे वक्त्याची मिळकत बरेचदा पॉलिसीतून कमी आणि समोर बसलेल्या नव्या माणसांच्या कामावरून जास्त येत असते. त्यानं आपला आकडा सांगताना त्यातला किती भाग तुमच्याकडून येणार आहे, हेही सांगायला हवं.

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे, आणि आपल्या मंडळींत तोच ऐकू येतो. ‘विमा हे पुण्याचं काम आहे. एजंटानं स्वप्न दाखवलं नाही तर लोक विमा उतरवणारच नाहीत. चार आकडे वाढवून सांगितले आणि त्यातून चार घरं वाचली, तर बिघडलं काय?’ यावर मी बराच विचार केला. घरं वाचली असती तर मी कदाचित गप्प बसलो असतो. पण मी नोकरीत असताना काउंटरवर एक बाई आली होती, पदरात गुंडाळलेला बाँड घेऊन. नवरा ट्रकवर होता, अपघातात गेला. बाँडवर रक्कम छापलेली, सही-शिक्का सगळं ठीक. मी हप्त्याच्या नोंदी पाहिल्या, तर एकच वार्षिक हप्ता भरलेला. दुसऱ्या वर्षीची तारीख उलटून सात महिने झालेले. वार्षिक हप्त्याला तीस दिवसांची सवलत असते, ती केव्हाच संपली होती. पॉलिसी बंद. त्या बाईला शेवटपर्यंत कळलं नाही की हा कागद आता नुसता कागद आहे. ती म्हणत होती, “पण एजंट तर म्हनले होते, झालं काम.” आणि त्याचं काम खरोखरच झालेलं होतं. त्याच्या त्या वर्षीच्या आकड्यात ही पॉलिसी मोजली गेली, कदाचित एखाद्या ढालीतही. मोजणी पहिल्या हप्त्यालाच संपली.

म्हणून ‘किती केला’ या आकड्याशेजारी ‘किती टिकला’ हा आकडा नसेल, तर मी पहिला आकडा अर्धाच धरतो. या टिकण्याला विम्याच्या धंद्यात पर्सिस्टन्सी म्हणतात आणि ती तेराव्या महिन्याला, पंचविसाव्याला, असं करत एकसष्टाव्या महिन्यापर्यंत मोजतात. कंपन्यांना ती जाहीर करावी लागते. महामंडळाचा २०२३-२४ चा आकडा, हप्त्याच्या रकमेवर, तेराव्या महिन्याला ७७.६६ टक्के आणि एकसष्टाव्याला ६०.८८ टक्के होता. म्हणजे शंभर रुपयांचा नवा धंदा झाला, तर पाच वर्षांनी त्यातले एकसष्टच रुपये हप्ता भरत राहिलेले. बाकीच्या एकोणचाळीसांत कुणाची नोकरी गेली असेल, कुणाचं पीक. सगळा दोष एजंटांचा नाही. पण घरी आलेल्या एजंटाला ‘तुमच्या पाच वर्षांपूर्वीच्या शंभर पॉलिसींतल्या आज किती चालू आहेत?’ हे विचारून पाहावं. चांगला एजंट या प्रश्नानं खूश होतो. मी स्वतः पाहिलं आहे, एकानं लगेच पिशवीतून वही काढली.

विक्रमांचंही तसंच. २० जानेवारी २०२५ रोजी महामंडळाच्या ४,५२,८३९ एजंटांनी चोवीस तासांत ५,८८,१०७ पॉलिसी केल्या आणि गिनीज बुकात नोंद झाली. मोठीच गोष्ट, यंत्रणा केवढी असेल! मला अभिमानही वाटला. पण बँकेतल्या माणसाची खोड जात नाही. मनात आलं, २१ जानेवारी २०२६ ला पुन्हा मोजणी करावी, त्यातल्या किती घरांत दुसरा हप्ता गेला ते पाहावं, आणि तो आकडा पहिल्या आकड्याच्या शेजारी तेवढ्याच ठळक अक्षरांत छापावा.

आता तपासण्याबद्दल. ‘विचारलं म्हणजे विश्वास नाही’ हे आपल्या मनात इतकं खोल बसलं आहे की त्यासाठी मला आपल्या दत्तप्रभूंकडेच यावं लागलं. भागवताच्या अकराव्या स्कंधात यदुराजाची आणि अवधूताची भेट आहे. आपल्या संप्रदायात तो अवधूत म्हणजे श्रीदत्तच. चोवीस गुरूंची कथा आपण सगळेच जाणतो, पण ती सुरू कशानं होते, याकडे आपलं लक्ष जात नाही. ती सुरू होते एका प्रश्नानं. राजा विचारतो की तुम्ही काही धंदा-व्यवसाय करताना दिसत नाही, घरदार नाही, तरी एवढे आनंदात आहात, हा आनंद तुम्हाला आला कुठून? मिळकतीचा स्रोत विचारण्याचाच हा प्रकार नव्हे का?

अवधूतानं राग मानला नाही. ‘माझ्यावर विश्वास नाही का’ असंही म्हटलं नाही. त्यानं यादी दिली. पृथ्वीकडून हे घेतलं, वायूकडून हे, कपोताकडून हे, पिंगलेकडून हे. एकेक गुरू, एकेक रक्कम. चोवीसच्या चोवीस नोंदी. मला तर ते वाचताना दरवेळी खातेवही उघडल्यासारखं वाटतं. ज्याची कमाई खरी आहे, त्याला स्रोत सांगायची अडचण नसते. आणि यदुराजानंही हात जोडूनच विचारलं होतं. विचारण्यात नम्रता असू शकते, सांगण्यात मोकळेपणा असू शकतो. दोन्ही असले की अपमान उरतो कुठे?

त्या चोवीसांतली मधमाशी मला या धंद्याच्या फार जवळची वाटते. फुलाला इजा न करता ती प्रत्येकाकडून थोडं थोडं घेते, म्हणून तिच्यावरून आपल्याकडे माधुकरी शब्द आला. एजंटाचं कामही तेच, शंभर घरांतून थोडं थोडं. पण अवधूतानं तिच्याकडून दुसराही धडा घेतला, साठवण्याच्या हावेचा. आणि मध काढून नेणाऱ्यालाही त्यानं गुरू केलं, जो दुसऱ्याचं साठवलेलं आयतं नेतो. हॉलमधली ट्रॉफी घेताना आपण या दोघांपैकी कोण, हे ज्याचं त्यानं पाहावं. मी कोण सांगणार!

आणखी एक, आमच्या परिसरातलंच. शनिशिंगणापूर इथून जवळ आहे. घरांना कुलपं नाहीत म्हणून जगभर नाव झालं. २०११ च्या जानेवारीत युको बँकेनं तिथे कुलूप नसलेली शाखा उघडली, तेव्हा आमच्या बँकेत दिवसभर तोच विषय होता. एका तरुण सहकाऱ्यानं विचारलं, “तिथे संध्याकाळी कॅश मोजत असतील का हो?” सगळे हसले. अरे, कुलूप नसलं म्हणून मोजणी थांबते का? रोकड जुळल्याशिवाय कुठलीही बँक संध्याकाळी घरी जात नाही. कॅशिअरवर संशय असतो म्हणून नव्हे. कॅशिअरला रात्री शांत झोप लागावी म्हणून.

त्या मुलाच्या बाबतीतही मला तेच दिसलं. सगळं दाखवून झाल्यावर तो बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, “काका, दोन वर्षांत खरा आकडा पहिल्यांदाच कुणाला सांगितला.” बायकोनं दुसरा चहा ठेवला.

जाता जाता एक चांगली नोंद. ९ डिसेंबर २०२४ ला पानिपतला पंतप्रधानांच्या हस्ते महामंडळाची विमा सखी योजना सुरू झाली. बायकांना तीन वर्षं मानधन मिळतं, पहिल्या वर्षी महिन्याला सात हजार, मग सहा, मग पाच. पहिल्या वर्षी चोवीस पॉलिसी करायच्या. पण मला आवडली ती पुढची अट. दुसऱ्या वर्षीचं मानधन हवं असेल, तर पहिल्या वर्षी केलेल्या पॉलिसींतल्या पासष्ट टक्के चालू असल्या पाहिजेत. त्या सेवेकऱ्यांच्या मुलीनं विचारलेला प्रश्न इथे कुणीतरी नियमातच लिहून ठेवलेला दिसतो.

आमच्या आळीतली एक सून हे काम करते. तिच्याकडे शाळेची दोनशे पानी वही आहे. डाव्या पानावर नाव आणि पहिल्या हप्त्याची तारीख, उजवं पान दुसऱ्या हप्त्यासाठी कोरं. परवा ती आमच्याकडे आली होती, पॉलिसीसाठी नव्हे, पाणी आलं का विचारायला. वही हातातच होती. मी सहज विचारलं, महिन्याचं काय पडतं गं? तिनं बोटांवर मोजलं, आधी रिक्षाचे आणि झेरॉक्सचे वजा केले, मग आकडा सांगितला.